क्रेझी क्विल्टचे बदाम: कोणी करतं का? अदलाबदल करूया का?

उसवण (न्यू जर्सी)

हस्तकला विभागात क्रेझी क्विल्टबद्दल काही सापडलं नाही, म्हणून हा धागा. थोडी माहिती द्यायची आहे, आणि चार जण तयार झाले तर आपल्या-आपल्यात कापडी बदामांची (पत्त्यांतल्या बदामासारखा, हृदयाचा आकार) अदलाबदल करायची आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: साध्या कापडाच्या पायावर वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे जोडत जायचे. रेशीम, मखमल, सॅटिन, लेस, जे हाताशी असेल ते. मग प्रत्येक जोडावर भरतकाम. एकही जोड उघडा ठेवायचा नाही. मधल्या मोकळ्या जागेत फुलं, पक्षी, जपानी पंखे, आणि कुठेतरी कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. इकडे ते जाळं शुभ मानतात. (माझ्या सासूबाईंचं मत: कापडावर काय वाटेल ते कर, खोलीतली जाळी आधी काढ.)

अमेरिकेत याची लाट आली ती १८८० च्या दशकात. त्याआधी १८७६ साली फिलाडेल्फियात देशाच्या शंभरीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या जपानी दालनातली तडे गेल्यासारखी नक्षी असलेली भांडी आणि ती सगळी असमान, तिरपी मांडणी लोकांच्या डोक्यात बसली, असं मानतात. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्कचं भरतकामही त्याच प्रदर्शनात होतं. त्याच सुमाराला रेशीम मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. आमच्या राज्यातलं पॅटरसन तेव्हा ‘सिल्क सिटी’ म्हणून प्रसिद्ध होतं. रेशमाच्या कातरणाची पाकिटं करून मासिकांत जाहिराती द्यायच्या आणि टपालाने विकायची, असा धंदाच होता. विसावं शतक सुरू झालं तशी लाट ओसरली.

अख्खी रजई करायला माझ्याकडे वेळ नाही, आणि डोळेही आता तेवढी परवानगी देत नाहीत. बदाम मात्र तळहाताएवढा. त्यात सगळं करून बघता येतं आणि कंटाळा यायच्या आत तो संपतो. इथल्या भरतकामाच्या गटात आम्ही असे बदाम करून एकमेकींना पाठवतो. माझ्या शिवणाच्या खोलीत अशा बायकांचे बदाम टांगलेले आहेत की त्यातल्या निम्म्यांना मी कधी भेटलेली नाही, पण कोणाचा टाका घट्ट आणि कोणाचा सैल हे मी न बघता सांगेन.

तर, इथे कोणी करतं का? करायचं आहे का?

गुळपोळी

मस्त धागा! शाळेतली शिवणाची नमुना-वही आठवली. धावदोरा, उलटी टीप, साखळी, काज टाका, प्रत्येकाचा एक-एक चौकोन. बाईंनी माझी साखळी तीनदा उसवायला लावली होती.

वाचतेय. फोटो हवेत.

माजघर (कोल्हापूर)

माहिती चांगली आहे, पण एक विचारू का? ही आपली वाकळच नाही का? आमच्या गावाकडे जुन्या लुगड्यांची, धोतरांची वाकळ प्रत्येक घरात शिवतात. तुकडे वेडेवाकडेच असतात. तिला कोणी क्रेझी म्हणत नाही आणि कोणी फ्रेममध्ये लावत नाही, अंगावर घेतात. परदेशातून आलं की कला, आणि आपल्या आजीने केलं की चिंध्या, हे मला पटत नाही.

उसवण (न्यू जर्सी)

माजघर, तुमचा राग समजतो. आजीची गोधडी माझ्याकडे आहे आणि ती मी रोज पांघरते. पण दोन्ही गोष्टी बांधणीत वेगळ्या आहेत. गोधडीत थरावर थर असतात आणि धावदोरा वरपासून खालपर्यंत सगळ्या थरांमधून जातो. तो दोराच तिला धरून ठेवतो. टाका ढिला पडला तर गोधडी संपली.

क्रेझी क्विल्टमध्ये नेमकं तेच नसतं. भरतकाम वरच्या कापडातून आणि पायाच्या कापडातून जातं, बस. आत बहुतेक वेळा कापूससुद्धा नसतो. मागे अस्तर लावून ठिकठिकाणी गाठी मारतात. ती पांघरायची वस्तू नव्हतीच, दिवाणखान्यात सोफ्यावर टाकून पाहुण्यांना दाखवायची होती. श्रीमंती थाट होता तो. गोधडी गरजेतून आली, ही हौसेतून. कोणती मोठी हे मी ठरवत नाही, पण विचारलंच तर थंडीत मी गोधडी निवडेन.

हल्याळकर

गोधडीचा विषय निघालाच आहे तर. आमच्या उत्तर कन्नडात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी समाजाच्या बायका कवंद शिवतात. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे हे वंशज, घरी बोलतात ती कोकणी-मराठीच्या जवळची भाषा. बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून आत आत जातात, रंग एकदम भडक, आणि चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची ‘फुलं’ लावतात. फुलं नसतील तर कवंद उघडंनागडं राहिलं असं त्या म्हणतात. काही बायका आता विकण्यासाठीही शिवतात. तुमच्या बदामाच्या टोकाला असं एक फूल छान दिसेल.

उसवण (न्यू जर्सी)

हल्याळकर, गंमत म्हणजे आमच्या गटातही नुसते तुकडे जोडलेल्या, भरतकाम व्हायच्या आधीच्या चौकोनाला ‘नेकेड ब्लॉक’च म्हणतात! त्रिकोणी घडीची कल्पना उचलतेय.

फुकटचा_सल्ला

एक साधा प्रश्न. या कापडी बदामाचं पुढे करायचं काय?

गुळपोळी

तुम्ही जमवलेल्या त्या काडेपेट्यांचं जे करता तेच.

लीड्सकर

प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, त्याला उत्तर आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधले सैनिक हृदयाच्या आकाराच्या टाचणीच्या उशा करायचे. आत लाकडाचा भुसा ठासून भरलेला, वर मणी आणि शेकडो टाचण्या खोचून केलेली नक्षी, मधोमध पलटणीचं चिन्ह किंवा रेशमी चित्र. ‘स्वीटहार्ट पिनकुशन’ म्हणतात त्यांना. आई, बायको, प्रेयसी यांना पाठवायची वस्तू. इथल्या लष्करी संग्रहालयांत अजून दिसतात. बऱ्याचशा दवाखान्यात बरे होणाऱ्या जवानांनी केलेल्या आहेत. त्यांच्यासाठी तयार सामानाचे संचही मिळायचे.

तेव्हा बदाम पाठवणं हे फक्त बायकांचं काम आहे असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

काजटाका (ठाणे)

मला करायचा आहे! भरतकाम येतं, जोडकाम कधी केलेलं नाही. उसवणताई, पायरी-पायरीने सांगाल का? आणि टाके कोणते लागतात?

उसवण (न्यू जर्सी)

सांगते. मी करते ती पद्धत अशी, इतर पद्धतीही आहेत.

तयार बदाम ६ इंची धरू. मांजरपाटाचा ९ इंची चौकोन घे, आधी धुऊन वाळवून. कोरा मांजरपाट नंतर आटला की वरचे तुकडे चुरगळतात. चौकोनाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने बदाम काढ आणि त्या रेघेवरून उठावदार रंगाचा धावदोरा घाल, म्हणजे पुढून आकार दिसत राहतो. हा दोरा शेवटी काढायचा.

आता साधारण मध्यावर एक पाचकोनी तुकडा ठेव, सुलट बाजू वर. अगदी मध्यावर नको, जरासा बाजूला सरकव. त्याच्या एका कडेवर दुसरा तुकडा उलटा ठेवून पाव इंचावर शीव, पलट, इस्त्री फिरव, खालचं जादा कापड छाट. मग शेजारची कड. असं गोल फिरत रेघेच्या बाहेर चांगलं पाऊण इंच जाईपर्यंत. तुकडे एकाच रुंदीचे झाले की ते शिडीसारखं दिसायला लागतं, तेव्हा रुंदी बदलत राहा. मोठ्या छापाचं कापड शक्यतो नकोच, त्यावर भरलेलं काही उठून दिसत नाही. साधं, एकरंगी, चमक वेगवेगळी असलेलं घे: एक मखमल, एक रेशीम, एक मंद सुती.

लेस आणि फिती जोडताना शिवणीतच पकडायच्या. पुढे क्रम महत्त्वाचा. आधी जोडांवरचे टाके, मग मोकळ्या जागेतली फुलं-पक्षी, आणि मणी, टिकल्या, आरसे सगळ्यात शेवटी. मणी आधी लावलेस तर पुढचा प्रत्येक दोरा त्यांत अडकणार. आणि बदामाच्या रेघेपासून पाव इंचाच्या आत मणी लावूच नकोस. तिथून मशीनची सुई जाणार आहे, ती तुटते.

टाक्यांचं म्हणशील तर जोडांसाठी फेदर (पिसासारखा), हेरिंगबोन (तिरप्या फुल्यांचा) आणि काज टाका हे तीन आले की बास. एकच टाका आधी घाल, मग दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने त्याच्या टोकांना लेझी डेझीच्या (सुट्या साखळी टाक्याच्या) पाकळ्या, त्यांच्या टोकाला फ्रेंच गाठी. थर चढवत जायचं, खरी मजा तिथेच आहे. मला पर्ल कॉटन (पीळदार सुती दोरा) ८ नंबर आवडतो. तो नाही मिळाला तर सहापदरी लडीचे तीन पदर घे. रेशमी रिबिनीने फुलं करायची तर सुई मोठ्या नाकाची आणि अणकुचीदार हवी, चेनील म्हणून मिळते.

शेवटी मागचं कापड सुलटेला सुलट लावून शिवायचं. एका सरळ बाजूला दोन इंच उघडं ठेव. टोकापाशी आणि वरच्या खाचेपाशी टाका बारीक कर. खाचेत शिलाईला भिडेल-न भिडेल असा कात्रीचा छेद दे, वळणांवर छोटे छेद. हे केलं नाही तर उलटवल्यावर बदामाचा बटाटा होतो. भरण चिमटी-चिमटीने घाल, आधी टोक, मग दोन्ही फुगे, मध्य सगळ्यात शेवटी.

टेलरमास्तर_सांगली

ताईंनी बरोबर सांगितलं. धंदा शिवणाचा असल्याने दोन गोष्टी जोडतो. रेशीम, सॅटिन, टिश्यू यांना मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) मारून घ्या, कॉलरला लावतात ते जाड नको. कडा सुटत नाहीत आणि टाक्याला आधार मिळतो. मखमलीवर थेट इस्त्री फिरवू नका, लव बसते. उलट बाजूने, खाली टर्किश टॉवेल घालून.

भरणाला सावरीचा कापूस हलका असतो, पण शिवणीतून बारीक तंतू बाहेर येतात, आतून अस्तराची पिशवी करा. टाचण्या खोचायच्या असतील तर लोकर उत्तम.

आणि कातरण हवी असेल तर सांगा. ब्लाउजच्या कामात रेशमाच्या, खणाच्या पट्ट्या पोत्याने उरतात. बोटभर रुंद पट्टी मला उपयोगाची नाही, तुम्हाला आहे.

काजटाका (ठाणे)

मास्तर, मला हवी!!

गुळपोळी

मलाही. खण तर नक्की.

धारवाडची_सून

गुळेदगुड्डच्या खणाला कड फार सुटत नाही, अंगचा कडकपणाही असतो, त्यामुळे हातात छान बसतो. मी त्यावर कसुती (कर्नाटकातलं पारंपरिक भरतकाम) करायला गेले तर जमेना. कसुतीचं गावंती, मुर्गी, नेगी, मेंथी हे सगळं दोरे मोजून करायचं काम, आणि खणावर आधीच इतकी नक्षी विणलेली असते की मोजणी हरवते. इरकलीच्या साध्या अंगावर मात्र सुरेख येते. एक तुकडा इरकलीचा ठेवून त्यावर छोटं गोपूर किंवा तुळशीवृंदावन भरता येईल. कसुतीत गाठ मारत नाहीत आणि मागची बाजूही स्वच्छ लागते. इथे मागे मांजरपाट आणि अस्तर, त्यामुळे मागचं कोणी बघणार नाही, हीसुद्धा सोय आहे.

रानजाई (नाशिक)

सगळं वाचून काढलं. माझा प्रश्न जरा नाजूक आहे. आईची लग्नातली पैठणी आहे. आई गेली. पैठणी घडीवर चिरली आहे, नेसता येणार नाही, उलगडली तरी फाटते. तिचे बदाम करावेत, आम्हा बहिणींना आणि मावश्यांना एकेक, असं मनात आलं. पण कात्री हातात घेतली की धीर होत नाही. कोणी असं केलं आहे का?

वेणू_वहिनी

रानजाई, कापू नकोस गं. आमच्याकडे सासूबाईंच्या पैठण्या बोहारणीला गेल्या, दोन स्टीलच्या पातेल्यांवर. मी तेव्हा नवी होते, बोलले नाही. आज त्यातली एक जरी असती तरी जशी आहे तशी ठेवली असती. जुन्या जरीत चांदीची तार असायची. अशी साडी आता होणे नाही. कपाटात राहू दे, वर्षातून एकदा ऊन दाखव.

लीड्सकर

ऊन नको! सावलीत हवा दाखवा. उन्हाने रेशीम आणखी कुजतं.

माजघर (कोल्हापूर)

माझं मत उलट आहे. कपाटात ठेवलेली साडी तीस वर्षांनी रानजाईच्या सुनेला मिळेल आणि ती बोहारणीलाच देईल. आमच्याकडे आजीचं लुगडं वाकळेत गेलं म्हणून ते आज आहे. जे वापरात आलं ते टिकलं. कापा.

वेणू_वहिनी

वाकळ शिवायला सुती लुगडं वेगळं आणि पैठणी वेगळी.

माजघर (कोल्हापूर)

लुगडं नेसणाऱ्या बाईला ते वेगळं नव्हतं.

उसवण (न्यू जर्सी)

दोघी थांबा जरा. रानजाई, मी आधी कापडाकडे बघेन, भावनेकडे नंतर. रेशीम का चिरतंय हे कळलं तर निर्णय सोपा होतो.

एकोणिसाव्या शतकातल्या क्रेझी क्विल्ट आज संग्रहालयांत बघितल्या तर दिसतं की शेजारचा तुकडा धडधाकट आणि एकच तुकडा उभ्या चिरा पडून भुसभुशीत झालेला. कारण असं: कच्च्या रेशमातला डिंक धुऊन काढला की त्याचं वजन सुमारे पावपट घटतं. रेशीम विकलं जायचं वजनावर. मग ती घट भरून काढायला कथलासारख्या धातूंचे क्षार त्यात मुरवत. त्याने रेशमाला झोक यायचा, छान सळसळ व्हायची, पण तेच क्षार पुढे धागा खातात. असं रेशीम काहीही केलं तरी वाचत नाही. प्रकाश आणि दमटपणा त्याला लवकर संपवतात.

तुझ्या आईच्या साडीत बहुतेक तसं नसेल. ती वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली आणि मोडली ती फक्त घडीवर, असं वाटतंय. पारख सोपी आहे: दोन घड्यांच्या मधला भाग बोटांत धरून हलकेच ताण. तिथे धरून राहिला तर कापड जिवंत आहे. तिथेही तडकला तर त्यावर भरतकाम करूच नकोस, सुई गेली की भोक वाढेल. त्या तुकड्यावर तलम जाळी घालून ती कडेने शिवायची, बस.

आणि सगळी साडी कापायची गरजच नाही. सहा इंची बदामात एका कापडाचा तुकडा लागतो तो दोन-तीन इंचांचा. नेसताना कमरेला आत खोचलेलं टोक असतं ना, त्यावर नक्षीही कमी आणि कोणी बघितलेलंही नसतं. तिथून घे. पदराला हात लावू नकोस. आईच्या ब्लाउजची आतली शिवण उसवलीस तर तिथेही बोटभर कापड मिळतं, रंगही न विटलेला.

एक सूचना: मिसळीचे तुकडे घेताना रेशीम आहे की पॉलिएस्टर याची खात्री नसेल तर कडेचे दोन धागे चिमट्यात धरून जाळून बघ. रेशमाला जळक्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टरचा कडक मणी होतो. मोरीपाशी कर, पाणी जवळ ठेवून.

रानजाई (नाशिक)

आत खोचायच्या टोकाचं सुचलंच नव्हतं. ताणून बघितलं, घडीच्या मधलं कापड पक्कं आहे. बहिणीला फोन करते आणि सांगते.

वेणू_वहिनी

खोचलेल्या टोकातून घेणार असशील तर माझी हरकत नाही. जरीचा काठ मात्र शाबूत ठेव. आणि बदाम प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस, जर काळी पडते. मलमलीत गुंडाळ. वर अत्तर-सेंट काही नको.

फुकटचा_सल्ला

आता अदलाबदलीचं बोला. न्यू जर्सीहून ठाण्याला एक कापडी बदाम पाठवायला किती डॉलर लागतात याचा हिशेब कोणी केला आहे का?

टपालपेटी (निवृत्त)

माझी हयात टपाल खात्यात गेली, म्हणून बोलतो. ताजे दर आणि नियम खिडकीवर विचारूनच घ्या, ते बदलत असतात. पण मोठे अडथळे दोन आहेत.

पहिला भारतात येताना. डिसेंबर २०१९ पासून परदेशातून टपालाने ‘भेट’ म्हणून येणाऱ्या वस्तूंना पूर्वीसारखी करमाफी नाही. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तूसुद्धा त्यात धरत नाहीत. म्हणजे वस्तू येऊ शकते, पण कर भरून.

दुसरा अमेरिकेत जाताना. तिथली ८०० डॉलरपर्यंतच्या वस्तूंवरची सीमाशुल्काची सूट ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू केलं.

दोन्हीकडे सीमाशुल्काच्या पत्रकावर मोघम लिहू नका. ‘गिफ्ट’ एवढंच लिहिलं की पाकीट अडकतं. काय आहे, कशाचं आहे, किंमत किती, हे स्पष्ट लिहा. आणि आत तांदूळ, लव्हेंडर, मोहरी असलं काही भरू नका. बिया आणि वनस्पती असतील तर बहुतेक देश अडवतात.

देशांतर्गत सोपं आहे. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा स्पीड पोस्ट करा आणि नंबर जपून ठेवा.

फुकटचा_सल्ला

राखीला सूट आहे ना? मग बदामाला दोरा लावा आणि राखी म्हणून पाठवा.

टपालपेटी (निवृत्त)

सहा इंची, कापूस भरलेली, मणी लावलेली राखी कोणाच्या मनगटावर बांधणार, असं तिकडच्या अधिकाऱ्याने विचारलं तर तुमचा पत्ता देऊ का?

गुळपोळी

😂😂

उसवण (न्यू जर्सी)

टपालपेटी, फार उपयोगी माहिती. यावरून मला वाटतं की दोन वेगळी वर्तुळं करू. भारतातले भारतात, बाहेरचे बाहेर. समुद्र ओलांडायचा असेल तर कोणीतरी भारतवारीला निघेल तेव्हा बॅगेतून. सहा बदाम वजनाला एका चितळ्यांच्या बाकरवडीच्या पुड्याइतकेही नाहीत.

अबोली_पुणे

मी थोडं कडवट बोलणार आहे. दुसऱ्या एका गटात मी अशा अदलाबदलीत होते. मी माझे दिलेल्या तारखेला पाठवले, रात्री जागून केलेले. मला आला तो एकच, तोही फेल्टचा, गरम गोंदाने चिकटवलेला, एक टाका नाही. बाकीच्या दोघींनी ‘पाठवते गं’ म्हणत म्हणत फोन उचलणं बंद केलं. भांडायलाही लाज वाटते, कापडी बदामावरून काय भांडायचं? म्हणून सोडून दिलं. तेव्हा नियम आधी ठरवा, नाहीतर मी नाही.

उसवण (न्यू जर्सी)

अबोली, कडवट नाही, रास्त आहे. फुकट असलं तरी घेतलेला शब्द तो शब्द. आमच्या गटात हे असं चालतं, पटलं तर तेच घेऊ:

चौघांचा एक गट. प्रत्येकाने बाकी तिघांसाठी एकेक असे तीन बदाम करायचे, म्हणजे तीन मिळतात. गट लहान ठेवला की कोणाचं अडलंय ते लगेच कळतं. सगळे बदाम आधी संयोजकाकडे यायचे आणि चौघांचे जमल्याशिवाय कोणालाही जायचे नाहीत. ज्याचे आले नाहीत त्याला मिळत नाहीत, साधा हिशेब. सोबत परतीच्या टपालखर्चाचे पैसे.

दर गटामागे एक राखीव गडी. कोणी आजारी पडलं, घरात काही झालं, तर तो राखीव गडी ते तीन बदाम करून देतो. अडचण आधी कळवली तर काही म्हणणं नाही. न कळवता गायब झालं तर पुढच्या वेळी नाव नाही.

हातचं भरतकाम सक्तीचं, गोंद बाद. मशीनने जोडकाम चालेल. किमान चार जोडांवर टाके आणि एक तरी चित्र. मागे कापडी पट्टीवर टोपणनाव, गाव आणि साल भरलेलं किंवा न धुपणाऱ्या शाईने लिहिलेलं. जुन्या क्विल्ट कोणी केल्या हे कळत नाही ते याच कारणाने, बायकांनी नावच घातलं नाही.

आवडता रंग, नको असलेला रंग, आणि घरात मांजर-कुत्रा आहे का हे आधी सांगायचं. मांजराच्या केसांनी शिंका येणाऱ्या बाईकडे एकदा मांजर असलेल्या घरातून पांढरी मखमल गेली होती, तिची अवस्था मी पाहिली आहे.

अबोली_पुणे

हे चालेल. गोंद बाद हे ठळक अक्षरात लिहा.

टेलरमास्तर_सांगली

भारताचं वर्तुळ असेल तर माझं दुकान पत्ता म्हणून चालेल. रोज टपाल येतंच. पत्ता निरोपातून देईन, इथे नको. कातरणीची पाकिटं नाव दिलेल्या सगळ्यांना आधीच पाठवतो, टपालखर्च तुमचा.

मी स्वतः करीन का? मशीनवर हात बसलेला आहे, हातभरणीत कच्चा आहे. जोडकाम हवं तेवढं करून देतो, टाके तुम्ही घाला.

माजघर (कोल्हापूर)

माझं नाव घाला. पण मी जोडांवर फक्त धावदोराच घालणार, दाट, वाकळेसारखा. नियमात ‘टाके’ एवढंच आहे, कोणते ते नाही.

उसवण (न्यू जर्सी)

माजघर, चालेल! नुसता चालेलच नाही, तो बदाम मला हवाय. डिसेंबरमध्ये माझी बहीण येतेय, तिच्याबरोबर मागवेन.

धारवाडची_सून

मी आहे. निळा आवडतो, केशरी नको. घरात मांजर नाही.

काजटाका (ठाणे)

मी! रंग कोणताही. घरात दोन मांजरं, पण भरतकाम त्यांना दार लावून करते.

रानजाई (नाशिक)

मला राखीव गडी करा. बहीण म्हणाली, आधी घरचे बदाम होऊ देत. खोचायच्या टोकातून हातभर कापड निघालं, ते आम्हाला पुरून उरेल.

उसवण (न्यू जर्सी)

तर भारताचा पहिला गट: माजघर, धारवाडची_सून, काजटाका, अबोली_पुणे. राखीव रानजाई. संयोजन मास्तरांच्या दुकानात. गुळपोळी, तू नक्की कर, तुझ्यामागे आणखी तिघं मिळाले की दुसरा गट सुरू. बाहेरच्या वर्तुळात लीड्सकर आणि मी असे दोघंच आहोत, कॅनडा-ऑस्ट्रेलियातलं कोणी वाचत असेल तर हात वर करा.

बदाम मास्तरांकडे पोचायची शेवटची तारीख घटस्थापना धरू का? गणपतीत कोणाचं काही होणार नाही.

काजटाका (ठाणे)

घटस्थापनेला घरी खूप गडबड असते. कोजागिरी करा ना.

टेलरमास्तर_सांगली

कोजागिरीच बरी. दिवाळीच्या ब्लाउजांची घाई तोवर सुरू झालेली असते, पण पाकिटं घेऊन ठेवायला वेळ लागत नाही. फक्त दुकानात आल्यावर फोन करून ‘पोचलं का’ म्हणून विचारू नका, इथे लिहीन.